अहिरेताईंचे पिवळे हात

आमच्या कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची दुसरी सीट पिवळी होती. बाकी सगळ्या निळ्या. नवीन माणूस चढला आणि त्या सीटकडे वळला की चार-पाच जणं एकदम ओरडायची, "अहो, तिथं नको!" त्याला वाटायचं, सीट मोडकी असेल, नाहीतर कुणीतरी ओकलं असेल. मग बिटकोच्या स्टॉपवर अहिरेताई चढायच्या. पदर कमरेला खोचलेला, एका हातात डबा, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली दुधाची पिशवी. त्या थेट त्या सीटवर जाऊन बसायच्या आणि सीट पिवळी का, हे नवीन माणसाला न सांगता कळायचं. ताईंच्या बोटांची टोकं पिवळी, नखं पिवळी, तळहाताच्या रेषा पिवळ्या, रुमाल पिवळा आणि उन्हाळ्यात घाम पुसून पुसून मानही पिवळी.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी नाशिकला, अंबडच्या त्या औषध कंपनीत स्टोअर्समध्ये लागले, तेव्हा सुलोचना अहिरे तिथं केमिस्ट होत्या. कंपनी मुख्यतः बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या बनवायची. त्यात घालायची बहुतेक जीवनसत्त्वं सभ्य, पांढरी, गपगुमान डब्यात बसणारी. एकच वात्रट. बी-टू, म्हणजे रायबोफ्लेविन. नारिंगी-पिवळी, अगदी बारीक पूड. डब्याचं झाकण उघडलं की उडालीच. ताईंचा विभाग म्हणजे ही पूड बाकीच्या मालात कालवून गोळ्यांसाठी दाणा पाडायचा विभाग, त्यामुळे तिथली माणसं, भिंती, पंख्याची पाती, चहाचे कप, सगळं एका रंगाचं. धूळ ओढून घेणाऱ्या यंत्राची पिशवी मागच्या अंगणात उघडायची आणि तिच्याजवळ एक पांढरं कुत्रं झोपायचं. ते वर्षभरात इतकं पिवळं झालं की त्याचं नाव सोन्या पडलं. हातमोजे होते, पण ताई म्हणायच्या, "मोजे घालून दाण्याचा ओलेपणा कसा कळणार? चपातीची कणीक कुणी मोजे घालून मळतं का?" साहेब लोक तपासणीला आले की मोजे चढायचे. साहेब वळले की मोजे खिशात.

रायबोफ्लेविन हे नाव त्या कधी घ्यायच्या नाहीत. "आमचा पिवळा" म्हणायच्या. किराणा दुकानात बिस्किटाचा किंवा कस्टर्डचा पुडा उलटा करून मागचं बारीक वाचायच्या आणि दुकानदाराला कौतुकानं सांगायच्या, "ह्याच्यात आमचा पिवळा आहे." मुलगा परदेशी स्थायिक झाला असावा, असा तो सूर. दुकानदाराला वाटायचं, बाई तक्रार करताहेत. तो बिचारा पुडा बदलून द्यायचा.

आमची ओळख झाली तीच माझ्या साडीवरून. पहिल्याच आठवड्यात मी मोतिया रंगाची, लग्नातली साडी नेसून गेले होते. ताई दाण्याचा नमुना घेऊन स्टोअर्समध्ये आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "नवीन का गं तू?" आणि खांद्यावर पाचही बोटं उमटली. मला रडूच फुटायचं बाकी होतं. मी चांगलं खरमरीत बोलणार होते, पण ताईंनीच आधी सांगून टाकलं, "साबण लावत बसू नकोस. ओली करून उन्हात टाक. ऊन सोसत नाही त्याला." मला वाटलं, बाई थापा मारतेय. पण संध्याकाळपर्यंत गच्चीवर साडी खरंच पूर्वीसारखी झाली. मग कळलं की दुधाची पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळतात ती ह्याचसाठी. दुधात आमचा पिवळा असतो आणि दूध उन्हात ठेवलं की तो जातो. दूधवाल्यानं पिशव्यांचा क्रेट उन्हात ठेवलेला दिसला, तर ताई रस्ता ओलांडून जाऊन स्वतः सावलीत ओढायच्या. त्यांच्या भीतीनं त्या दूधवाल्यानं शेवटी ताडपत्री बांधली.

ते पिवळे हात पाहून अनोळखी माणसं एकच प्रश्न विचारायची. भाजीवाली, रिक्षावाला, बँकेतला शिपाई, सगळे. "कुणाच्या हळदीला जाऊन आलात वाटतं?" ताई हसून म्हणायच्या, "आमच्याकडं रोजच असते." विचारणाऱ्याला हे माहीत नसायचं की ताईंचे यजमान लेक मंजू तिसरीत असतानाच गेले होते, झोपेतच, काही कळायच्या आत. ताईंची बी.एस्सी. तोपर्यंत पेटीत पडून होती. ती त्यांनी काढली आणि अंबडची वाट धरली. मंजू ही त्यांची एकुलती एक.

एकदा त्या सटाण्याला दिराच्या मुलाच्या लग्नाला जाऊन आल्या. बसमध्ये मी सहज विचारलं, कसं झालं लग्न? ताई म्हणाल्या, "झकास झालं. जेवण मस्त. एक गंमत सांगू? हळदीला सगळ्या बाया उठल्या, म्हणून मी पण उठले. वाटीकडं हात नेला, तर नणंदेनं मनगट धरलं. म्हणे, वहिनी, तू राहू दे, तू तिकडं पोळ्यांचं बघ. आणि गंमत काय, माझं मनगट धरलं ना, तर तिच्याच बोटांना पिवळं लागलं!" आणि त्या खो खो हसल्या. मीही हसले. मग त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. विधवेनं हळदीला हात लावायचा नाही, हे मला ठाऊक होतं, आमच्याकडंही तसंच. पण तो नियम असा कुणाचं तरी मनगट धरतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं आणि फार राग आला. बस कंपनीच्या फाटकात वळली तेव्हा ताई म्हणाल्या, "माझ्या मंजूला पहिलं बोट माझं लागणार. बघच तू."

मंजू तेव्हा दहावीत होती.

ताईंना दुसरी खोड होती ती लोकांची तोंडं बघण्याची. "कशी आहेस?" हे त्यांनी कुणाला विचारलेलं मी ऐकलं नाही. "जीभ बघू," एवढंच. ओठांचे कोपरे चिरलेले दिसले, जीभ लालभडक दिसली, की त्यांची चौकशी सुरू. दूध पितेस का? ताक? पालेभाजी? अंडं चालतं का? पॅकिंगमधल्या पोरी पेठ-सुरगाण्याकडच्या, खोली घेऊन राहायच्या आणि पैसे वाचवायला चहा-पावावर दिवस काढायच्या. ताई त्यांना जेवणाच्या सुट्टीत रांगेत उभं करून जिभा बघायच्या आणि स्वतःच्या डब्यातलं दही वाटून टाकायच्या. एका पोरीनं धीर करून विचारलं, "ताई, पण मी भात भरपूर खाते की." ताई म्हणाल्या, "अगं, भात म्हणजे लाकडं. चुलीत नुसती लाकडं रचून भाकरी भाजेल का? फुंकणी नको? आपला पिवळा म्हणजे फुंकणी. तो नसला की खाल्लेलं पेटतच नाही, धूर होतो नुसता. मग गळून गेल्यासारखं होतं, तोंड येतं, डोळे चुरचुरतात." पोरींना हे लगेच पटलं, कारण प्रत्येकीच्या घरी फुंकणी होती.

पण ह्या विषयातला आमच्या कंपनीचा अजरामर पुरुष म्हणजे बसचे ड्रायव्हर दगूभाऊ. त्यांचं तोंड सारखं यायचं. ताईंनी त्यांना गोळ्यांची एक पट्टी दिली आणि बजावलं, रोज एक. दोन दिवसांनी दगूभाऊ कामावर आलेच नाहीत. बदलीचा ड्रायव्हर असा निघाला की द्वारकेच्या चौकात प्रत्येक खड्डा त्यानं आम्हाला नीट ओळख करून देऊन पार केला. आठवडा उलटला तशी ताई मला घेऊन दगूभाऊंच्या घरी गेल्या. दगूभाऊ खाटेवर, गळ्यात काविळीची माळ, उशाशी उसाच्या रसाचा तांब्या. बायको पदर डोळ्याला लावून बसलेली.

"कावीळ झाली ताई," दगूभाऊ खोल आवाजात म्हणाले. "लघवी लय पिवळी झालती. पार हळदीवाणी."

"डोळे बघू," ताई म्हणाल्या. डोळे पांढरेस्वच्छ. "जीभ बघू." जीभ उत्तम. "गोळ्या किती खाल्ल्या?"

"समद्या."

"समद्या? मी रोज एक सांगितली होती ना?"

"अवो ताई, रोज रोज थोडं थोडं कोन भरतं? म्हनलं, एकदाच टाकी फुल करून घ्यावी."

ताई खाटेच्या कडेला बसून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. दगूभाऊंच्या बायकोनंच त्यांना पाणी दिलं. मग ताईंनी डोळे पुसले, "काय शे भाऊ तुमचं!" म्हणाल्या (फार हसू किंवा फार राग आला की त्यांच्यातली सटाण्याची बाई बाहेर यायची), आणि समजावलं, "ह्याला टाकी नसते. शरीर रोज लागतं तेवढं घेतं, उरलेलं त्याच रंगात बाहेर टाकतं. ती कावीळ नाही, उधळपट्टी आहे." माळ उतरवली गेली, घरात त्याच दिवशी तिखटाची फोडणी पडली आणि दुसऱ्या दिवसापासून आमची हाडं वाचली.

"ह्याला टाकी नसते" हे मात्र ताईंच्या तोंडी बसलं. कुठंही वापरायच्या. मी एकदा म्हटलं, आईकडं वर्षभर जायला होत नाही, दिवाळीत आठ दिवस राहीन म्हणते. तर म्हणाल्या, "आठ दिवसांचं एकदम देऊन चालत नाही गं. ह्याला टाकी नसते. आज फोन कर." मी करायचे. कटकट वाटायची, पण करायचे.

दोन हजार साल उलटल्यावर कंपनीनं सिरपचा नवा विभाग काढला. चकचकीत स्टीलच्या टाक्या, पांढऱ्या फरशा. तिथं कॅल्शियमचं पांढरंशुभ्र औषध व्हायचं होतं, म्हणजे आमच्या पिवळ्याला सक्त मनाई. आणि गंमत अशी की त्या टाक्या नीट धुतल्या जातात की नाही, हे तपासायला नेमका पिवळाच लागायचा. त्याचं पाणी करून टाकीच्या आत सगळीकडं फवारायचं, मग यंत्रानं टाकी धुवायची, मग खोलीतले दिवे घालवून आत निळा दिवा धरायचा. जिथं कण राहिला असेल तिथं पिवळा-हिरवा उजेड चमकायचा. दाण्याच्या विभागाबरोबर हे कामही ताईंकडं आलं. इतकी वर्षं जो अंगाखांद्यावर वागवला त्याला आता चोरासारखं शोधून काढायचं, म्हणून त्यांना आधी वाईट वाटलं. नंतर चटक लागली. टाकीच्या तोंडात डोकं घालून त्या आतूनच ओरडायच्या, "सापडला! रबराच्या खाली लपलाय लबाड!"

नव्या विभागाच्या दारातही एक निळा दिवा लावला. आत जाणाऱ्यानं हात त्याखाली धरायचे. चमकले, की परत जाऊन धुवायचे. ताईंचा हा नियम कुणालाही चुकला नाही. एकदा आमचे मॅनेजर पाहुण्यांना घेऊन आले. ते पाचच मिनिटांपूर्वी कस्टर्ड खाऊन आलेले, आणि बोट चमकलं. पाहुण्यांसमोर ताई म्हणाल्या, "साहेब, हात." साहेब हसत गेले, धुवून आले, परत चमकलं, परत गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा स्वतःच पाहुण्यांना म्हणाले, "ह्या बाई आहेत तोवर तुमच्या औषधात काही पडणार नाही." ताई स्वतःचे हात आत जाण्याआधी ब्रश घेऊन इतक्या घासायच्या की कातडं सोललं जाईल असं वाटायचं. मग दिव्याखाली धरून उलटेपालटे करायच्या आणि म्हणायच्या, "पास." दाण्याच्या विभागात परतल्या की हात पुन्हा पिवळे.

मंजूला बघायला मंडळी आली त्या दिवशी ताईंनी मला मुद्दाम बोलावलं होतं. मुलगा सायखेड्याचा, संदीप. घरची द्राक्षबाग, स्वतः अंबडला एका इंजिनिअरिंग कारखान्यात, राहायला खोली आणि जेवायला मेस. सोबत आई-वडील आणि त्याची आत्या. बोलणं सगळं आत्याच करत होत्या. नऊवारी, मोठं कुंकू, आवाज असा की खालच्या मजल्यावरच्यांनाही स्थळाची माहिती झाली असेल. ताईंनी पोह्यांची ताटली पुढं केली, तशी आत्यांची नजर हातांवर गेली.

"हात कशानं असे?"

"कंपनीत कामाला आहे ना. जीवनसत्त्वाची पूड असते."

"असं व्हय," आत्या म्हणाल्या आणि त्यांची नजर हातांवरून कपाळाकडं गेली, तिथून परत हातांवर आली. ताईंनी हात पदराखाली घेतले. इतक्या वर्षांत त्यांना हात झाकताना मी प्रथमच पाहिलं.

मग पगाराचं झालं, शेतीचं झालं, द्राक्षांच्या भावाचं झालं. ताई नुसत्या मान हलवत होत्या. त्यांचं लक्ष संदीपकडं. मी ओळखलं आणि मनात म्हटलं, नको, ताई, आज नको. पण झालंच.

"संदीपराव, जरा जीभ बघू?"

संदीपनं आईकडं पाहिलं, वडिलांकडं पाहिलं आणि मग, आज्ञाधारक मुलगा, त्यानं जीभ बाहेर काढली.

"वाटलंच मला. ओठांचे कोपरे बघा कसे चिरलेत. मेसमध्ये ताक-दही देतात का? पालेभाजी?"

"नाही," संदीप म्हणाला. जीभ बाहेरच होती, त्यामुळे ते "आई" असं काहीतरी ऐकू आलं.

आतल्या दारात उभी असलेली मंजू फसकन हसली. संदीपही हसला, जिभेसकट. त्या दोघांचं लग्न तिथंच ठरलं, बाकीच्यांनी होकार नंतर कळवला. आत्या मात्र निघेपर्यंत गंभीर होत्या. जिन्यात मला त्यांचं कुजबुजणं ऐकू आलं, म्हणजे त्यांच्या मते कुजबुजणं: "बाई येडी हाय का काय?"

लग्नाची तारीख थंडीतली निघाली. आणि जसजशी ती जवळ आली तसतशा ताई गप्प होत गेल्या. मी एकदा बसमध्ये छेडलं, "मग? पहिलं बोट कुणाचं?" तर म्हणाल्या, "नणंद येणार आहे सटाण्याहून. ती करेल सगळं." मी म्हटलं, "ताई, तुम्ही तर म्हणाला होतात..." त्या म्हणाल्या, "माझ्या हौसेपायी उद्या पोरीच्या सासरी काही झालं, साधं बैलाला ठेच लागली, तरी त्या आत्याबाई काय म्हणतील? पोरीला तिथं जन्म काढायचाय." त्यांचं चुकत होतं, पण कुठं चुकत होतं ते दाखवायला निळा दिवा नव्हता.

आठवडाभर आधीपासून त्यांनी रजा घेतली. मी मदतीला म्हणून गेले, तर ताई गच्चीवर. चटईवर लग्नाचे गहू वाळत घातलेले आणि त्यांच्या शेजारी ताई दोन्ही हात उन्हात पसरून बसलेल्या, तळवे वर.

"हे काय?"

"पांढरे करतेय," त्या म्हणाल्या. "उगीच कुणाच्या डोळ्यावर नको."

रोज दुपारी तशा बसायच्या म्हणे. शेजारणी विचारायच्या, गहू राखताय का हात वाळवताय? हळदीच्या दिवसापर्यंत हात खरंच स्वच्छ झाले. मी ते बघितले आणि मला ओळखूच येईनात. जरा सुरकुतलेले, साधे, पन्नाशीच्या कुठल्याही बाईचे हात. मला फार वाईट वाटलं. सोसायटीच्या मांडवात येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी देत, पाट सरकवत ते हात सगळीकडं फिरत होते, फक्त मंजूच्या पाटाजवळ जात नव्हते.

सायखेड्याहून नवरदेवाची उष्टी हळद आली. ती नवरीला लावायची असते. वाटी घेऊन आत्याच आल्या होत्या. नणंदबाईंनी पाच सुवासिनींना पुढं बोलावलं. ताई मागं सरकून मांडवाच्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. मी त्यांच्याजवळच होते. त्यांच्या चेहऱ्यावर ते दाराशी पाहुण्यांना दाखवतात ते हसू होतं.

नणंदबाईंनी हळदीत बोट बुडवलं आणि मंजूच्या गालाकडं नेलं. मंजूनं दोन्ही तळहातांनी तोंड झाकून घेतलं. आधी सगळ्या हसल्या, नवरी लाजली म्हणून. पण ती हात काढेना.

"अगं मंजू, हात काढ."

"पहिली आई लावेल," हातांच्या आडून मंजू म्हणाली.

"असं नसतं बाळा."

"मग मला नको हळद."

वाजंत्रीवाला थांबला. ताई खांबाजवळूनच म्हणाल्या, "मंजू, शहाणपणा कर. वन्सं लावताहेत ना." आवाज बारीक झाला होता. बायका एकमेकींकडं बघत होत्या आणि मग, एकेक करून, सगळ्या आत्यांकडं बघायला लागल्या. वाटी त्यांच्या हातात होती. मीही बघत होते.

आत्यांनी एकवार मंजूकडं पाहिलं. मग मान वळवून खांबाकडं पाहिलं.

"अवो विहीणबाई," त्या त्यांच्या त्या आवाजात म्हणाल्या, "भर बैठकीत आमच्या पोराची जीभ बघितली, तवा लाजल्या नाय. आन आता सोताच्या पोरीच्या गालाला हात लावाया लाजता व्हय?"

कुणीतरी हसू दाबलं. आत्यांचं संपलं नव्हतं. "तुमी सांगितलं तसं रोज ताक पाजलं त्याला. तोंड भरून आलं पोराचं. ज्या हातानं गुण आला, तो हात वंगाळ कसा? या इकडं. लय येळ नका लावू, माझे गुडघे दुखत्यात."

आणि वाटी ताईंच्या दिशेनं पुढं आली.

मी ताईंना नुसतं ढकललं. बाकी मी काहीच केलं नाही. त्या पाटापाशी जाऊन खाली बसल्या, त्यांनी एक बोट हळदीत बुडवलं आणि तसंच धरून ठेवलं, सिरपच्या दारात निळ्या दिव्याखाली धरायच्या तसं. मंजूनं तोंडावरचे हात काढले, आईचं मनगट धरलं आणि पाचही बोटं, सगळा तळवा वाटीत दाबला. मग तो हात स्वतःच्या गालावर ठेवून घेतला. ताई रडल्या. मंजू रडली. मीही रडले. नणंदबाईही रडल्या, आणि मग त्यांनीच ताईंचा दुसरा हात ओढून हळदीत घातला. सगळ्यात आधी डोळे पुसले आत्यांनी आणि म्हणाल्या, "वाजव की रं, कशाचे पैशे घेतो?"

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या यजमानांची बदली झाली आणि आम्ही नाशिक सोडलं. ताई नंतर भेटल्याही, फोनवर तर रोजच बोलतात, कारण ह्याला टाकी नसते. पण डोळ्यांसमोर येतात त्या लग्नानंतर कामावर आल्या त्या सकाळच्या. लग्न रविवारी झालं आणि मंगळवारी त्या बसमध्ये, आपल्या पिवळ्या सीटवर हजर. मी म्हटलं, अहो, विश्रांती घ्यायची. तर म्हणाल्या, "घर खायला उठतं."

सिरपच्या दारात त्या नेहमीसारख्या थांबल्या आणि निळ्या दिव्याखाली दोन्ही हात धरले. हळदही त्या दिव्याखाली चमकते. तळहाताच्या सगळ्या रेषा, नखांच्या कडा, लख्ख उजळल्या. मी आणि मॅनेजरसाहेब मागंच उभे होतो. साहेब म्हणाले, "अहिरेबाई, हात." ताई म्हणाल्या, "दिसले साहेब. आज नाही धुणार. आज मला आत पाठवू नका, बाहेरचं काय ते काम द्या." इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच स्वतःला नापास केलं होतं. साहेबांना काय समजलं कोण जाणे, पण त्यांनी मान हलवली आणि त्या दिवशी ताई स्टोअर्समध्ये माझ्याजवळ बसून लेबलांचे गठ्ठे मोजत राहिल्या.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळ्या मागच्या अंगणात उन्हाला बसलो. डिसेंबरची थंडी, ऊन सोडवत नव्हतं. म्हातारा झालेला सोन्याही पाय ताणून उन्हात पडला होता. ताई एकट्या पलीकडं, भिंतीच्या गार सावलीत पायरीवर बसल्या होत्या. दोन्ही हात पदराखाली घेतलेले, आणि थंडीनं चांगल्या कुडकुडत होत्या.

"ताई, इकडं उन्हात या की," पॅकिंगमधली एक पोरगी ओरडली.

"नको गं," ताई म्हणाल्या आणि पदर हातांवर आणखी घट्ट ओढून घेतला. "उन्हात जातो रंग."